ओळख निराळी, गुपित निराळे

तंत्रज्ञानाविषयी मत नसलेला माणूस आज विरळाच. रेल्वेच्या डब्यात, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत मोबाइल आणि पैसा हा विषय निघाला की प्रत्येकाजवळ एखादा ठाम सिद्धान्त तयार असतो. खाते क्रमांक चुकूनही कोणाला देऊ नये. ज्याला लपवायचे काही नाही त्याने भ्यायचे कशाला. कुलपाचे चिन्ह दिसले की संकेतस्थळ सुरक्षित. पासवर्ड दर महिन्याला बदलावा. बोटाच्या ठशासारखे दुसरे कुलूप नाही. या मतांत अंशतः तथ्य आहे, म्हणून तर ती टिकून आहेत. परंतु ती बारकाईने तपासली असता बहुतेकांच्या मुळाशी एकच गल्लत आढळते. आपली ओळख सांगणारी माहिती आणि आपले गुपित या दोन भिन्न गोष्टी आपण एकाच पेटीत ठेवतो. त्यामुळे जे सांगायला हरकत नाही ते लपवले जाते आणि जे कदापि सांगू नये ते नेमके तोंडातून निघून जाते. प्रस्तुत लेखात या भेदाचाच विचार करावयाचा आहे.

धनादेशाचे उदाहरण घेऊ. आपण कोणाला धनादेश देतो तेव्हा त्यावर आपले नाव, खाते क्रमांक, शाखेचा आयएफएससी संकेतांक आणि स्वाक्षरी, एवढे सर्व एका कागदावर परक्याच्या हाती सोपवतो. खाते क्रमांक हे गुपित असते, तर धनादेशाचा व्यवहार एक दिवसही चालला नसता. पगार जमा करणाऱ्या कार्यालयाला, भाडे पाठवणाऱ्या भाडेकरूला खाते क्रमांक सांगावाच लागतो. यूपीआयचा पत्ता, मोबाइल क्रमांक, दुकानाच्या गल्ल्यावर चिकटवलेला क्यूआर कोड ही सारी ओळख होय. ओळख ही सांगण्यासाठीच असते. गुपिताचे तसे नाही. पिन, पासवर्ड आणि दर व्यवहाराला नव्याने येणारा ओटीपी यांचे सामर्थ्य ते खातेदारावाचून दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसण्यातच आहे. हा ‘दुसरा कोणी’ म्हणताना बँकेचा कर्मचारीही त्यात आला. आपला पिन त्याला ठाऊक नसतो आणि कोणत्याही कामासाठी तो त्याला लागत नाही.

हा विचार संगणकाहून जुना आहे. ऑग्यूस्त केर्कहॉफ्स या डच वंशाच्या भाषातज्ज्ञाने १८८३ साली लष्करी सांकेतिक लेखनावर फ्रेंचमध्ये एक निबंध लिहिला. संकेतलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहावी ती केवळ किल्ली, असे तत्त्व त्याने त्यात मांडले. आज बँका ज्या संकेतीकरणावर विसंबून असतात त्याची गणिती पद्धत पुस्तकांत छापलेली आहे आणि कोणालाही अभ्यासता येते. सारी मदार किल्लीवर. सामान्य ग्राहकापुरते बोलायचे तर ही किल्ली म्हणजे त्याचा पिन.

पिन चार आकड्यांचाच का, याचीही एक मौजेची हकिकत आहे. लंडनजवळच्या एनफिल्ड येथे जून १९६७ मध्ये बार्कलेज बँकेने रोख रक्कम देणारे यंत्र बसवले. ते घडवणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. सहा आकड्यांची त्यांची मूळ कल्पना होती. परंतु पत्नीला चारच आकडे लक्षात राहतात असे कळल्यावर त्यांनी संख्या चारवर आणली, असे त्यांनीच पुढे सांगितले. पिनच्या शोधाचे श्रेय कोणाचे याविषयी मतभेद आहेत, ते असोत. चार आकड्यांचे १०,००० निरनिराळे पिन होऊ शकतात. ठरावीक वेळा चुकल्यावर यंत्र अडवून धरते, म्हणून एवढी संख्या सामान्यतः पुरते. मात्र जन्मदिवस आणि महिना जोडून पिन केला, की १०,००० ऐवजी शक्यता उरतात अवघ्या ३६६. जन्मसाल ठेवले, तर त्या शंभरच्या आत येतात. येथे ओळख आणि गुपित यांची सरमिसळ आपण आपल्याच हाताने करतो. जन्मतारीख ही ओळख आहे. शाळेच्या दाखल्यापासून वाढदिवसाच्या शुभेच्छांपर्यंत ती सर्वत्र पसरलेली असते आणि जे सर्वत्र पसरले आहे ते किल्ली म्हणून वापरणे व्यर्थ होय.

यूपीआयच्या व्यवहारात एक गोष्ट मनावर पक्की बिंबवण्यासारखी आहे. पैसे देताना पिन लागतो, शिल्लक पाहताना लागतो. पैसे घेताना कधीच लागत नाही. घरातील जुने कपाट विकायला काढलेल्या गृहस्थाला ‘ग्राहक’ फोन करतो आणि सांगतो, “हा कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.” पैसे येत नाहीत, जातात. या प्रकारात व्यक्तीने व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवण्याच्या सोयीचा फार दुरुपयोग झाला. शेवटी भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून ती सोय बंद केली. क्यूआर कोड दाखवून फसवण्याचा मार्ग मात्र त्याने बंद झालेला नाही.

पासवर्ड वारंवार बदलण्याच्या मताविषयी थोडक्यात. अमेरिकेच्या मानक संस्थेने दिलेल्या मार्गदर्शनामुळे ही रीत जगभर रूढ झाली. अनुभव असा आला की माणसे नवा पासवर्ड करीतच नाहीत. जुन्याच्या शेवटी १ होता तेथे २ घालतात. त्याच संस्थेने २०१७ साली आपला सल्ला फिरवला. पासवर्ड लांब असावा, एका ठिकाणचा दुसरीकडे वापरू नये आणि तो फुटल्याची शंका येताच बदलावा, असे नवे मत आहे. आपल्या बँकेचा नियम ठरावीक मुदतीने बदलण्याचा असेल, तर तो पाळावा हे ओघाने आलेच. पण बदल खराखुरा असावा.

बोटाच्या ठशाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. देशातील पहिले आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. तेव्हापासून अंगठा लावून ओळख पटवणे आपल्या अंगवळणी पडले आहे. पण ठसा हे गुपित नव्हे. पाण्याच्या पेल्यावर, दाराच्या मुठीवर तो आपण दिवसभर सोडत असतो. पिन फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. स्वतःच्या फोनचे कुलूप उघडण्यास ठसा वापरणे सोयीचे आहे, कारण तेथे ठशाबरोबर फोनही हाती असावा लागतो. परंतु आधारशी जोडलेल्या खात्यातून केवळ अंगठ्याने रक्कम काढता येते, तेथे सावधगिरी हवी. यासाठी विशिष्ट ओळख प्राधिकरणाने जैविक माहिती कुलूपबंद करून ठेवण्याची सोय दिली आहे. हवी तेव्हा ती उघडता येते. या सोयीचा व्हावा तितका उपयोग होत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ओळख सांगण्यासाठीच असते, तर ती वाटेल त्याला सांगावी काय? ‘मला लपवायचे काही नाही’ हे मत येथे तपासले पाहिजे. २८ जुलै २०१८ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे तत्कालीन अध्यक्ष राम सेवक शर्मा यांनी आपला आधार क्रमांक ट्विटरवर जाहीर केला आणि त्यामुळे काय अपाय करता येतो ते दाखवा, असे आव्हान दिले. पाहता पाहता लोकांनी त्यांचा मोबाइल क्रमांक, जन्मतारीख, पॅन क्रमांक, पत्ता असे बरेच काही मांडून दाखवले. कोणी त्यांच्या खात्यात एक रुपयाही जमा केला. ही माहिती आधारच्या साठ्यातून फुटलेली नाही, ती इतरत्र उपलब्धच होती, असे प्राधिकरणाने स्पष्ट केले; तसेच आधार क्रमांक असा जाहीर न करण्याचा सल्लाही नागरिकांना दिला. दोन्ही म्हणणी खरी होती. केवळ क्रमांकाने कुलूप उघडले नाही. परंतु विखुरलेले तुकडे एकत्र येण्यास एक धागा मिळाला.

खासगीपणाचे मर्म या बेरजेत आहे. नाव एकट्याने निरुपद्रवी, मोबाइल क्रमांकही निरुपद्रवी, खाते कोणत्या शाखेत आहे हेही तसेच. परंतु फोनवरचा अनोळखी मनुष्य नाव घेतो, शाखा सांगतो, कार्डाचे शेवटचे चार आकडे म्हणून दाखवतो, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटते की एवढे ठाऊक असलेला मनुष्य बँकेचाच असणार. ओळखीचे तुकडे गोळा करून तो विश्वास कमावतो आणि त्या विश्वासाच्या मोबदल्यात गुपित मागतो. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या आपल्या मराठी ग्राहकांनी आणखी एक लक्षात घ्यावे: परप्रांतात फोनवर अचानक मराठी ऐकू आले, की मन चटकन सैल होते. भाषाही ओळखच आहे. ती कोणालाही बोलता येते.

म्हणून मागणाऱ्याला जेवढी लागते तेवढीच ओळख द्यावी. केवळ ओळखीचा पुरावा हवा असेल तेथे आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत पुरेशी ठरू शकते. ती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून घेता येते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला, तो आधारविषयक खटल्यातूनच. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला. तेव्हा छायाप्रत मागणाऱ्याला ‘कशासाठी?’ असे विचारणे हा उद्धटपणा समजू नये.

ओळखीची कसोटी दोन्ही बाजूंनी लागली पाहिजे. बँक आपली ओळख विचारते, तशी आपणही बँकेची पटवावी. संकेतस्थळाच्या पत्त्याजवळचे कुलूप एवढेच सांगते की वाटेत कोणी मजकूर वाचू शकत नाही; पलीकडे कोण बसला आहे हे ते सांगत नाही. भामट्याच्या संकेतस्थळालाही कुलूप असू शकते. लोकांचा हा गैरसमज पाहून गुगलने २०२३ साली आपल्या क्रोममधून ते चिन्ह काढून टाकले. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ अशा शेवटाच्या पत्त्यावर न्यावी लागली. हा शेवट केवळ बँकांसाठी राखीव आहे. फोनसाठीही १६०० ने सुरू होणारी स्वतंत्र मालिका बँकांना नेमून देण्यात आली आहे. अर्थात त्या मालिकेतून फोन आला तरी ओटीपी सांगायचा नाही.

इतके करूनही गुपित गेलेच, तर नुकसान कोणाचे? रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात याची जी मांडणी केली ती प्रत्येक खातेदाराला ठाऊक असावी. चूक बँकेची असेल, तर ग्राहकावर भार नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसरीकडेच असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही भार नाही. परंतु पिन वा ओटीपी ग्राहकानेच सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. ग्राहक जबाबदार असल्याचे सिद्ध करण्याचे ओझे मात्र बँकेवर ठेवले होते. मुदती व मर्यादा वेळोवेळी बदलतात. चालू नियम शाखेत विचारून घ्यावेत.

तेव्हा येथे घड्याळाला मोल आहे. लाजेपोटी ‘घरी कळेल, लोक हसतील’ म्हणून रात्र घालवणारे अनेक असतात आणि तेवढ्या रात्रीत रक्कम चार खात्यांतून फिरून जाते. फोनचे सिम अकारण बंद पडले, तर कोणी दुसरे सिम काढले असण्याची शंका घ्यावी आणि दुसऱ्या फोनवरून तत्काळ चौकशी करावी. फसवणूक ध्यानात येताच बँकेला कळवून व्यवहार थांबवावेत आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी. तक्रार करताना खाते क्रमांक, व्यवहाराची रक्कम व वेळ आणि यूपीआय असल्यास बारा आकडी संदर्भ क्रमांक जवळ असावा. तक्रार नोंदवून घेणारा एवढे सर्व विचारतो. पिन तोही विचारत नाही.