पितळ घासण्याआधी

खडकी, पुणे

चि. भाचेबुवांस,


तुझा निरोप वाचला, पितळ घासायच्या ड्रमचं चित्रही नीट पाहिलं. चित्रावर पुढे बोलतो. आधी त्या पोत्याचा निकाल लाव.

भंगारवाल्याने पोतंभर काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या आणल्या आणि ‘चकाचक करून दे, किलोवर पैसे देतो’ म्हणाला, असं तू लिहितोस. मला एवढंच सांग, भंगाराचं पितळ भट्टीत जाणार असेल तर ते चमकवून घ्यायची गरज कुणाला पडते? भट्टीला काळं पितळ आणि पिवळं पितळ सारखंच. गोळी झाडून रिकामी झालेली पुंगळी आतून-बाहेरून स्वच्छ हवी असते ती बहुधा ज्याला ती परत भरायची आहे त्याला. परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे. एनसीसीतल्या पोरांनासुद्धा फायरिंग संपलं की वाकून रिकाम्या पुंगळ्या वेचायला लावतात आणि मोजून परत घेतात, ते उगाच नाही. मग पोतंभर माल मोकळा कसा फिरतो? ते शोधणं तुझं काम नव्हे. माल आत घेऊ नकोस, आणि तो ठेवून गेला असेल तर पोलीस ठाण्यात जाऊन सरळ सांग. गुपचूप परत पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. डिसेंबर २०२४ नंतर आपल्या बीड जिल्ह्यातले शस्त्रपरवाने राज्यभर चर्चेत आले, प्रशासनाने कितीतरी परवाने रद्द केले. अशा जिल्ह्यात वर्कशॉपच्या कोपऱ्यात असलं पोतं सापडलं तर तुझं म्हणणं ऐकून घ्यायला कुणाला सवड नसेल.

शिवाय त्या पोत्यात एखादं न उडालेलं काडतूस नसेलच याची खात्री कोण देणार? आणि उडालेल्या पुंगळीच्या बुडाशी जी काजळी असते तिच्यात शिसं असतं, कारण ठिणगी पाडणाऱ्या टोपीतल्या मसाल्यात शिशाचे क्षार वापरत आले आहेत. ते कोरड्या ड्रममध्ये फिरवलंस की झाकण उघडताना धूळ तुझ्या नाकात, कपड्यांवर, आणि रात्री घरी पोरांच्या अंगावर.

विषय संपला. आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण तो मला आवडला.

अमेरिकेत नेमबाजीचा नाद असलेले लोक वापरलेल्या पुंगळ्या साफ करून पुन्हा भरतात. तिथे तो कायदेशीर छंद आहे. साफ करायचं दुकानातलं यंत्र लहान असतं, म्हणून पुंगळ्या हजारांनी साठल्या की कुणी सिमेंट कालवायचा मिक्सर आणतो, कुणी बादलीला मोटर जोडतो. त्यात अक्रोडाच्या कवचाचा भरडा घालतात, नाहीतर मक्याच्या कणसाचा. तू ते पाहिलंस आणि तुला वाटलं, आपणही करावं. कर की! फक्त पुंगळी सोड आणि अडचण उचल. अडचण अशी की वस्तू लहान, पोकळ, संख्येने भरमसाट, बाहेरून काळवंडलेली, आत हात पोचत नाही, आणि कडा पातळ. तुझ्या अंबाजोगाईत अशी कोणती वस्तू आहे? घागरमाळांची घुंगरं. पोळ्याआधी प्रत्येक बैलवाल्याच्या घरी ती चिंच-मिठात भिजत पडलेली असतात. निरांजनं आहेत. आषाढ अमावास्येला दिव्यांची पूजा, त्याआधी घराघरांतल्या समया खाली येतात. त्यांचे फिरकीचे सुटे भाग तुझ्या ड्रमात चालतील. नवरात्राआधी देवळांची उपकरणी असतात. दसरा झाला की आपली अर्धी माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याच्या वाटेला लागतात, त्यामुळे तुझा हंगाम आषाढ ते दसरा एवढाच. यंत्र त्या हिशेबाने लहान ठेव.

दोनशे लिटरच्या ड्रमचा मोह सोड. पितळ पाण्याच्या साडेआठ पट जड. अर्धा भरलास तर तो उचलायला माणूस मिळणार नाही आणि तुझी बेअरिंग महिन्यात बोंबलतील. पन्नास-साठ लिटरचं प्लास्टिकचं निळं पिंप घे, पण आधी त्यात काय होतं ते विचार, कीटकनाशकाचं नको. वेग किती ठेवायचा याला हिशेब आहे. पिंप फार वेगाने फिरलं तर माल भिंतीला चिकटून गोल फिरत राहतो, घासला जातच नाही. तो वेग काढायला ४२.३ ला मीटरमधल्या व्यासाच्या वर्गमुळाने भाग. व्यास ४० सेंटीमीटर असेल तर उत्तर येतं मिनिटाला सुमारे ६७ फेरे. त्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे तीसेक फेऱ्यांवर माल वर चढतो आणि आपल्याच अंगावरून घरंगळत खाली येतो. घासलं जातं ते त्या घरंगळण्यात. तुझी मोटर १४४० ची, म्हणजे जवळपास अठ्ठेचाळीसला एक असा उतार लागेल. तो एका पट्ट्यात नाही जमणार. दोन टप्प्यांत कर, किंवा जुना गिअरबॉक्स शोध. पिंपाच्या आत लांबीला तीन-चार रबराच्या पट्ट्या बसव, नाहीतर माल तळाशी नुसता सरकत राहील. बेअरिंगचं घर पिंपाच्या तोंडापासून लांब ठेव आणि त्याच्या वर पत्र्याची छत्री कर. पट्ट्यावर जाळी हवीच. तुझ्याकडे कामाला येणाऱ्या बायकांचे पदर मोकळे असतात, आणि ओल्या जागेत मोटर आहे म्हटल्यावर अर्थिंगला मी काही पर्याय ठेवत नाही.

यंत्र इतकंच. यापेक्षा जास्त मला पितळाबद्दल लिहायचंय, कारण लोक ड्रम नीट बनवतात आणि पितळ बिघडवतात.

मी ज्या गावात राहतो तिथला दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. आतलं जे बोलायचं नसतं ते मी तुझ्याशीही बोलणार नाही. पुढचं सगळं धातुशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात मिळेल. पुंगळीचं पितळ म्हणजे सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. पत्र्याची चकती कापायची, तिची वाटी दाबायची, ती वाटी ठशांतून ओढत ओढत लांब करायची. प्रत्येक ओढणीत पितळ कडक होतं, म्हणून मधे भट्टीत तापवून मऊ करायचं. तापवलं की काळं पडतं, म्हणून पातळ गंधकाम्लात बुडवायचं, धुवायचं, पुन्हा ओढायचं. धुवायला आणि सुकवायला फिरती पिंपं, सुकवताना लाकडाचा भुसा. तुझी कल्पना ही अशी जुनीच आहे, आणि जुनी आहे म्हणून भरवशाची आहे.

या ओढाओढीत धातूच्या अंगात ताण राहून जातो. बाहेरून काही दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजांना याचा विचित्र अनुभव आला. पावसाळ्यात काडतुसांचे साठे घोड्यांच्या तबेल्यांतून ठेवले जात, आणि पावसाळा सरता सरता पुंगळ्यांना आपोआप चिरा पडलेल्या आढळत. कुणी आपटल्या नव्हत्या, झाडल्या नव्हत्या. इंग्रजीत या रोगाला ‘सीझन क्रॅकिंग’ असं नाव पडलं. खरं कारण मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी १९२१ मध्ये मांडलं. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतली ओल आणि पितळाच्या अंगातला ताण, हे तिन्ही एकत्र आले की चीर पडते. उपाय साधा होता. तयार पुंगळी बेताने, मऊ न पडेल इतकीच तापवायची, म्हणजे आतला ताण उतरतो.

तू म्हणशील, मामा तबेल्याची गोष्ट कशाला सांगतोय. आपलं अंबाजोगाई म्हणजे जुनं मोमिनाबाद. हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणीच होती तिथे. घोडे गेले, पण गोठे आहेत, शेळ्या आहेत, कोंबड्यांच्या शेड आहेत. आणि तुझ्याकडे येणाऱ्या तांब्या, घंगाळ, कळशी यांचाही जन्म पत्रा दाबून, ओढून, ठोकूनच झालेला असतो, ताण त्यांच्याही अंगात आहे. माळ्यावरून काढलेल्या हंड्याच्या काठाला केसासारखी चीर दिसली आणि तो हंडा वर्षानुवर्षं गोठ्यालगत होता असं कळलं, तर घासण्याआधी गिऱ्हाइकाला ती चीर दाखव. नंतर दाखवलीस तर ती तुझ्या ड्रमने पाडली असंच तो म्हणणार. साफ केलेला माल गोठ्याच्या बाजूच्या खोलीत ठेवू नकोस. खताच्या पोत्यांबरोबर तर मुळीच नको, ओल लागलेल्या युरियालाही तोच वास येतो. पितळ चमकवायच्या काही तयार द्रवांमध्ये अमोनिया असतो. बाटली उघडून डोळ्यांत पाणी आलं तर ती परत कर.

आता आत काय घालायचं. अक्रोडाची कवचं आपल्याकडे कुठली! मक्याची दाणे काढलेली कणसं वाळवून भरड, चाळ, ज्वारीच्या दाण्याएवढा भरडा ठेव. हा कोरड्या चमकेसाठी; त्यात जुन्या सुती कापडाच्या चिंध्या टाकल्यास की धूळ त्यांना चिकटते. सीताफळाच्या बिया मात्र वापरायच्या नाहीत. बालाघाटाच्या डोंगरात त्या फुकट मिळतात, कठीणही असतात, म्हणून हे तुला सुचणार हे मला ठाऊक आहे. त्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते. उवांसाठी ती पूड डोक्याला लावून डोळे दुखावलेल्यांची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. परळीची राखही नको. आजी चुलीच्या राखेने भांडी घासायची ती लाकडाची राख, तिच्यात क्षार असतो, तो तेलकटपणा काढतो. औष्णिक केंद्राची राख दगडी कोळशाची. तिच्यात तो गुण नाही, वर छातीत जाणारी बारीक धूळ आहे.

घुंगरांच्या आतली घाण कोरड्याने निघणार नाही. तिथे पाणी, थोडा भांड्यांचा साबण आणि स्टेनलेसच्या बारीक पिना. पिना विकत घेण्याआधी घुंगराची फट मोज. दोन पिना एकदम शिरून आडव्या अडकल्या तर एकेक घुंगरू हातात धरून चिमट्याने काढत बसावं लागेल आणि सगळा नफा त्यात जाईल. टाळ ड्रमात टाकू नकोस, काठ ठेचले गेले की आवाज गेला, आणि वारकऱ्याला काय उत्तर देशील? देवघरातले टाक, मूर्ती, कल्हई केलेली भांडी, डाग दिलेली भांडी, हे सगळं हातानेच.

काळेपणासाठी किराणा दुकानातलं लिंबूसत्व घे, लिटरमागे वीस ग्रॅम पुरे. चिंचेत आम्ल आहेच, पण गर ड्रमात चिकटतो. माल आधी साबणाने धू, मग आम्लात काही मिनिटं. तेलकट पितळावर आम्ल चालत नाही आणि मग माणूस वेळ वाढवत बसतो. वेळ वाढला की पितळ गुलाबी पडतं. बरेच जण त्याला तांब्याची झळाळी समजून खूश होतात. खरं तर वरच्या थरातलं जस्त निघून गेलेलं असतं आणि नुसतं तांबं पोकळ होऊन उरलेलं असतं. गुलाबी छटा दिसायच्या आत बाहेर काढ, दोन पाण्यांतून धू, लगेच भुशात फिरवून कोरडं कर. नुसतं उन्हात ठेवलंस तर आपल्या बोअरच्या क्षाराचे पांढरे ठिपके उमटतील.

पाण्याचं लिहायचं राहिलं. आपल्या भागात मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाने पितळ धुवायला पाणी ओतलेलं शेजाऱ्यांना खपणार नाही, आणि हंगाम पावसाळ्यातच आहे हे तुझं नशीब. तरी शेवटच्या खळबळीचं पाणी पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला वापर. आम्लाचं हिरवट झालेलं पाणी नाल्यात किंवा शेळ्यांच्या कुंडाकडे सोडायचं नाही, त्यात तांबं आहे. टाकीत साठव, विझवलेला चुना थोडा थोडा घालत ढवळ. आंबटपणा मेला की गाळ खाली बसतो. वरचं पाणी पुन्हा वापरता येतं. गाळ वाळवून डब्यात जमव, उकिरड्यावर नको.

दर ठरवताना किलोचा ठेवू नकोस, नगाचा ठेव; किलोवर गेलास की जड कळशा येतील आणि घुंगरं येणार नाहीत. पहिला घाणा स्वतःच्या घरच्या घागरमाळेचा काढ. वीस मिनिटांनी थांबवून एक घुंगरू काप आणि आतून बघ, मग कळेल किती वेळ लागतो. कापलेल्याचा फोटो पाठव, आणि पिंप फिरवणाऱ्या दांड्याची जाडी कळव. २५ मिलिमीटरचा असेल तर बेअरिंगचा जोड माझ्याकडे पडून आहे, तो पुढच्या आठवड्यात येणाऱ्या कुणाच्या तरी हाती देतो.

आक्काला नमस्कार. तिची ती मोठी समई ड्रमात घालू नकोस.

तुझा,
मामा