शिक्कामोर्तब, सातबारा आणि नमुना-सही

शिवकालीन पत्रे पाहिली असता खरेपणाच्या दोन खुणा प्रामुख्याने आढळतात. वर राजमुद्रा आणि अखेरीस 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब. मुद्रेवरून पत्र कोणाचे ते समजे; मोर्तबावरून मजकूर कोठे संपला ते. मोर्तबाखाली कोणी ओळ वाढवलीच तर लबाडी उघडी पडे. आपला 'शिक्कामोर्तब' हा शब्द या दोन कामांची जोडी आहे.

आज संगणकाच्या आज्ञावलीबाबत हाच प्रश्न उभा आहे. एकच आज्ञावली अनेक जण दूरदूर बसून लिहितात. तिच्यातील बदलांची नोंद ठेवण्यासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली 'गिट' ही प्रणाली तयार केली. तीत प्रत्येक नोंदीमध्ये आधीच्या नोंदीची गणिती खूण गुंफलेली असते. म्हणून मागचे पान गुपचूप बदलता येत नाही. परंतु नोंदीवर नाव मात्र कोणाचेही घालता येते. यासाठी लेखक आपल्या गुप्त किल्लीने सही करतो आणि इतर जण त्याच्या जाहीर किल्लीने ती पडताळतात.

पूर्वी हे काम बरेच किचकट होते. २०२१ पासून गिटमध्ये एसएसएच किल्लीनेही सही करता येते. पडताळणीला एक साधी फाईल पुरते. एका ओळीत सही करणाऱ्याची ओळख, किल्लीचा प्रकार आणि जाहीर किल्ली. हवी तर किल्लीची मुदतही.

या फाईलला मराठीत काय म्हणावे? 'प्राधिकृत स्वाक्षरीकर्ता सत्यापन संचिका' असे भारदस्त नाव देता येईल. पण इतिहास काय सांगतो? शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. 'अमात्य', 'सचिव' ही पदे रुजली. 'शिक्का', 'मोर्तब', 'सही' हे शब्द मात्र लोकांच्या तोंडून हलले नाहीत. उलट 'सातबारा' पहा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचे आकडे जोडून हे नाव झाले आणि ते प्रत्येक शेतकऱ्याच्या ओठी बसले.

बँकेत खाते उघडताना आपली नमुना सही घेतात आणि चेक आला की तिच्याशी ताडून पाहतात. ही फाईल नेमके तेच करते. म्हणून तिला 'नमुना-सही यादी' म्हणावे, असे मी सुचवतो. 'विश्वासयादी' हे नाव ऐकायला गोड, पण फसवे ठरेल. सही कोणाची हे यादीवरून कळते. आज्ञावली निर्दोष आहे की नाही, हे कळत नाही. शिवाय यादीच कोणी बदलली तर सारी पडताळणी व्यर्थ!

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. कोराडी परिसरातील आमच्यासारख्या घरांत मागच्या पिढीने स्वतःला वाचता न येणाऱ्या कागदांवर अंगठे उमटवले. मजकूर काय, हे दुसरा सांगेल ते खरे. आज सातबाराही डिजिटल स्वाक्षरीचा मिळतो. ती सही कशी पडताळायची, हे ज्याची जमीन त्याला त्याच्याच भाषेत समजले नाही, तर अंगठ्याच्या जागी किल्ली आली एवढाच काय तो फरक!