सुताची हवा आणि कामगाराची हवा

कापडाच्या गिरणीत एकाच छपराखाली दोघांना दिवस काढावा लागतो: सुताला आणि माणसाला. या दोघांचा हवेशी असलेला संबंध मात्र परस्परविरोधी आहे. कापसाचा तंतू ओलावा शोषून घेतो आणि ओलाव्याने त्याची ताकद वाढते. हवा कोरडी झाली की सूत ठिसूळ होते, ताण पडताच तुटते आणि माग थांबतो. म्हणून सूतकताई खात्यात साधारणतः ५५ ते ६० टक्के आणि विणाई खात्यात ७० ते ८० टक्के सापेक्ष आर्द्रता ठेवण्याचा प्रघात आहे. मुंबईची दमट सागरी हवा या धंद्यास मानवली ती याच कारणाने. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची उभारणी हाती घेतली, आणि पुढील काही दशकांत गिरणगाव वसले.

माणसाच्या शरीराची गरज नेमकी उलट आहे. श्रम करताना शरीरात निर्माण होणारी उष्णता मुख्यतः घामावाटे बाहेर जाते. परंतु नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर घाम अंगावरून ओघळतो, वाळत नाही, आणि शरीर थंड होत नाही. अशा वेळी हृदयाचे ठोके वाढतात, हात मंदावतात, लक्ष विचलित होते. सुतास पोषक अशी हवा विणकराला थकवणारी ठरते, ती अशी. कामाच्या जागेचा कामगारावर काय परिणाम होतो, याचा विचार कापडगिरणीच्या उदाहरणावरून करणे सोयीचे आहे, कारण येथे हा विरोध झाकून राहत नाही.

ओल्या फडक्याचा तापमापक

हवा किती त्रासदायक आहे हे साध्या तापमापकावरून कळत नाही. त्यासाठी दोन तापमापक शेजारी शेजारी लावतात. एकाचा फुगा कोरडा असतो. दुसऱ्याच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळलेले असते. फडक्यातील पाणी वाळताना उष्णता शोषली जाते आणि त्या तापमापकाचा पारा खाली उतरतो. हवा जितकी दमट, तितके पाणी कमी वाळते आणि दोन्ही पाऱ्यांतील अंतर तितके कमी होते. ओले फडके म्हणजे जणू घामेजलेली त्वचाच. १९४८ च्या कारखाने अधिनियमान्वये तयार झालेल्या नमुना नियमांत कामाच्या खोलीतील ओल्या तापमापकाचे मान ३० अंश सेल्सियसच्या वर जाऊ नये, अशी मर्यादा घालण्यात आली, ती याच जाणिवेतून. सूतगिरण्यांत व विणाई खात्यांत कृत्रिम रीतीने दमटपणा वाढवण्यावरही नियमांनी बंधने आणली. हवेचे तापमान ठराविक मर्यादेपलीकडे गेले असता खात्यात वाफ सोडण्यास मनाई करण्यात आली. त्यासाठी वापरायचे पाणीसुद्धा सार्वजनिक पुरवठ्याचे किंवा शुद्ध केलेले असावे, असा दंडक घालण्यात आला. कारण तेच पाणी तुषाररूपाने कामगारांच्या छातीत जाते.

उष्णतेमुळे उत्पादन किती घटते, याविषयी अलीकडच्या काळात आपल्याच देशात बारकाईने अभ्यास झाला आहे. सुरतेतील विणाई कारखाने, दिल्ली परिसरातील तयार कपड्यांचे कारखाने आणि भिलाई येथील पोलाद प्रकल्प यांमधील दैनंदिन नोंदी तपासून अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने आपले निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. वार्षिक तापमान एक अंश सेल्सियसने वाढले तर कारखान्याचे उत्पादन सुमारे २ टक्क्यांनी घटते, असे त्यांना आढळले. याच अभ्यासातील दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. कारखान्यात हवा थंड ठेवण्याची व्यवस्था केली तर कामावर असलेल्या माणसाच्या कामातील घट बरीचशी टळते. परंतु उष्ण दिवसांनंतर होणारी गैरहजेरी त्याने टळत नाही. कामगार घरी जातो तेव्हा तेथील उष्णता त्याची वाट पाहतच असते. लहानशा गाळ्यात पाळीपाळीने झोपणाऱ्या मुंबईच्या गिरणी कामगारांच्या कित्येक पिढ्यांना हे कोणी सांगावे लागले नसते.

उजेडाची दुधारी देणगी

गिरणीचे करवतीच्या दात्यांसारखे छप्पर अनेकांनी पाहिले असेल. त्याच्या उभ्या बाजूस काचा असतात व त्यांचे तोंड उत्तरेकडे असते. त्यामुळे थेट ऊन आत न येता दिवसभर एकसारखा, सावली न पाडणारा उजेड मिळतो आणि तुटलेली तार नजरेस पडते. ही रचना इंग्लंडसारख्या थंड प्रदेशातून आली. मुंबई सुमारे १९ अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य येथे किंचित उत्तरेकडे असतो. तेव्हा परक्या हवामानासाठी आखलेले छप्पर येथे जसेच्या तसे चालते असे नाही.

नैसर्गिक उजेडावर काम चालत असे तोवर कामाचा दिवस सूर्याने बांधलेला होता. तोही काही लहान नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या वतीने आठवड्याची सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली होती. रविवारची सुटी प्रत्यक्षात मिळण्यास १८९० साल उजाडावे लागले. त्यानंतर, १९०५ च्या सुमारास, मुंबईच्या अनेक गिरण्यांत विजेचे दिवे आले. खाती उजळली, डोळ्यांवरचा ताण कमी झाला असावा. पण सूर्यास्ताचे बंधनही सुटले आणि कित्येक गिरण्यांत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. कामगारांत असंतोष पसरला, चौकशी समित्या नेमल्या गेल्या आणि अखेर १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. ती ११, १० अशी उतरत १९४६ मध्ये दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांवर आली. एखादी सुधारणा कोणाच्या हाती पडते यावर ती कामगाराला सुखावह होईल की नाही हे ठरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

दिव्यांविषयी आणखी एक उल्लेखनीय बाब बंगळूर परिसरातील कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत दिसून आली. तेथे विजेची बचत व्हावी म्हणून जुन्या नळीदिव्यांच्या जागी एलईडी दिवे लावण्यात आले. हे दिवे कमी तापतात. परिणामी कडक उन्हाच्या दिवसांत शिलाईचे काम पूर्वीइतके मंदावेनासे झाले. या लाभाची किंमत धरली तर दिव्यांचा खर्च भरून निघण्यास लागणारा काळ एकतृतीयांशाहूनही कमी होतो, असा हिशेब अभ्यासकांनी मांडला आहे.

धूळ आणि आवाज

कापूस फोडण्याच्या व पिंजण्याच्या खात्यांत उडणारी बारीक धूळ फुप्फुसांत जाऊन बिसिनोसिस नावाचा विकार होतो. त्याची चाल विलक्षण आहे. प्रथम आठवड्याच्या सुटीनंतर कामावर आल्याच्या दिवशीच छाती आवळल्यासारखी होते व दम लागतो. दुसऱ्या दिवशी बरे वाटते. कालांतराने हा त्रास आठवडाभर टिकू लागतो आणि अखेर कायमचा होतो. सोमवारची ही तक्रार आळसाचे निमित्त म्हणून उडवून लावणे सोपे असते. म्हणूनच तिची वैद्यकीय ओळख मुकादमापासून व्यवस्थापकापर्यंत सर्वांना असणे अगत्याचे आहे. नुकसानभरपाईच्या कायद्यात या विकाराचा व्यवसायजन्य रोग म्हणून समावेश आहे.

आवाजाचे नुकसान याहूनही मुकाट्याने होते. धोट्याच्या मागांच्या खात्यात आवाज बहुधा ९५ डेसिबलच्या पुढे असतो. कारखाना नियमांनी आठ तासांसाठी ९० डेसिबल व ९५ डेसिबलला केवळ चार तास अशी मर्यादा ठरवली. प्रथम उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात, त्यामुळे आपण बहिरे होत आहोत हे कामगारास वर्षानुवर्षे कळत नाही. खात्यात हातवाऱ्यांनी बोलायची सवय असल्याने ही उणीव घरी गेल्यावरच, तीही इतरांच्या, लक्षात येते. गेलेली श्रवणशक्ती औषधोपचाराने परत येत नाही.

यंत्रमागांची गावे

मुंबईच्या बहुतेक गिरण्या आता बंद आहेत. माग मात्र थांबलेले नाहीत. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. आज इचलकरंजी, भिवंडी व मालेगाव येथे लहान लहान शेडमध्ये माग चालतात. पत्र्याचे बुटके छप्पर, दाटीवाटीने मांडलेले माग आणि सूत तुटू नये म्हणून बंद ठेवलेल्या खिडक्या, असे तेथील अनेक शेडचे चित्र असते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी किमान वीस कामगारांची अट आहे. त्यामुळे यांतील पुष्कळशा शेड कारखान्याच्या व्याख्येत बसत नाहीत. तेथील सुधारणा बव्हंशी मालकाच्या समजुतीवर अवलंबून राहते.

सुदैवाने सगळेच उपाय खर्चाचे नाहीत. पत्र्यावर बाहेरून पांढरा चुना दिल्यास उन्हाचा बराच भाग परावर्तित होतो. छपराच्या सर्वांत उंच भागी वाट ठेवली तर तापलेली हवा आपोआप वर निघून जाते. कानांत घालावयाची बोंडे अल्प किमतीत मिळतात. मात्र ती सुरुवातीला अवघडल्यासारखी वाटत असल्याने वापराची सवय लावावी लागते. आणि दोन नळ्यांचा तो तापमापक तर सूत सांभाळण्यासाठी काही शेडमध्ये भिंतीवर आधीच टांगलेला असतो. गिरण्यांत त्याची नोंद दिवसातून तीन वेळा घेण्याचा नियम होता. दोन पाऱ्यांतील अंतर पाहून मालक सुताची स्थिती जाणतो. त्याच वेळी ओल्या फडक्याच्या नळीवरचा आकडा वाचला, तर मागाशी उभ्या असलेल्या माणसाची स्थितीही तेथेच लिहिलेली असते.