गावाची पूर-तुकडी

कृष्णाकाठच्या लोकांना पूर नवा नाही. नदी फुगते, मळ्यांत शिरते, चार दिवसांनी ओसरते. देवळाच्या कितव्या पायरीला पाणी लागले म्हणजे कुणाच्या घरात शिरणार, हे म्हातारी माणसं बरोबर सांगतात.

पण २०१९ साली पाणी या खुणांच्याही वर चढले. सांगलीला आयर्विन पूल आहे. तेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेले. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ नावाचे गाव आहे. तेथे ८ ऑगस्टला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीला झेपतील त्याहून जास्त माणसे तीत बसली होती. बाया-पोरांसह कितीतरी जण बुडाले.

पुरात धाडस लागते, पण नुसत्या धाडसाने भागत नाही. ते काम शिकावे लागते.

रस्ते पाण्याखाली गेले की बाहेरची मदत पोचायला वेळ लागतो. तोवर शेजारीच शेजाऱ्याला काढतो. म्हणून सरकारने २०१६ साली ‘आपदा मित्र’ ही योजना सुरू केली. आपदा म्हणजे संकट. पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचे ठरले. हे शिक्षण १२ दिवसांचे होते.

त्यात काय शिकायचे? पहिली गोष्ट बोटीची. एका माणसाने काठावर उभे राहून डोकी मोजायची. आधी पोरे, गरोदर बाया, आजारी माणसे. बोट भरली की तो म्हणणार, “बास, आता पुढच्या खेपेला.” मग समोर पाटील असो की सख्खा भाऊ. आम्हांला तर हेच काम सर्वांत अवघड वाटते. पोहायला गावात पुष्कळांना येते, पण आपल्या माणसाला थांब म्हणणे कठीण जाते. बोटीत सर्वांनी खाली बसायचे. उभे राहिले की बोट कलते.

दुसरी गोष्ट बुडणाऱ्याची. त्याच्याकडे एकदम उडी टाकू नये. घाबरलेला माणूस गळ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. काठावरून बांबू द्यावा, दोर फेकावा. दोराला रिकामा, घट्ट झाकणाचा डबा बांधला तर तो तरंगतो. पूर्वी पोहायला शिकताना कमरेला सुका भोपळा बांधत, तसेच हे.

बाहेर काढलेल्याचे पोट दाबून पाणी काढायची आपल्याकडे रीत आहे. ती सोडावी. माणूस श्वास घेत नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी. ते कसे, हे शिकवणाऱ्याकडून बाहुलीवर करून बघावे. वाचून येणारे नाही.

आणि एक काम पावसाळ्याआधीचे. घराघरांची यादी. अंथरुणाला खिळलेले कोण, दिवस गेलेली बाई कुठल्या घरात, एकटी म्हातारी कुठे राहते. ही यादी आपणच लिहू शकतो. मास्तरांना बोलवायला नको. एक प्रत ग्रामपंचायतीत लावावी, एक तुकडीतल्या माणसाने प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवावी. कागद भिजला तर अक्षर राहत नाही.