उंच केलेल्या जीपमधील थरथर : परीक्षा व उपाय

आमच्या भागांतील काळी जमीन उन्हाळ्यांत जितकी कठीण, तितकीच पावसाळ्यांत चिकट. सिरसाळ्याहून परळीकडे किंवा तेलगांवकडे जाणारा मोठा रस्ता सोडून गाडी एकदां शिवेच्या वाटेला लागली, म्हणजे दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा तिच्या पोटाला घासूं लागतो. याकरितां ज्यांच्या घरीं जुनी जीप आहे असे कित्येक शेतकरी तिचे पाटे बदलून, अथवा पाट्यांच्या टोंकांस असणाऱ्या, शॅकल म्हणतात त्या कड्या लांब करून, गाडी दोन-चार इंच उंच करून घेतात. ओढा सुखानें ओलांडतां येतो, हें खरें. परंतु थोड्याच दिवसांत गाडीला थरथर सुटल्याची तक्रार ऐकूं येते. ही थरथर कां उत्पन्न होते, तिचें मूळ कसें शोधावें व उपाय कोणत्या क्रमानें करावा, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

विषय केवळ सुखासीनतेचा नाहीं. आमच्याकडील एका बागाईतदारांची उंच केलेली जीप गेल्या पावसाळ्यांत एका अडलेल्या बाईस घेऊन रात्रीं अंबाजोगाईस निघाली असतां वाटेंतच तिच्या मागच्या शाफ्टचा क्रॉस तुटला. मागून येणाऱ्या टेंपोनें वेळ निभावली. परंतु ती गाडी तत्पूर्वीं सहा महिने थरथरत होती. म्हणजे ती सूचना देत होती व ती कोणीं वाचली नाहीं, असेंच म्हणावें लागेल.

क्रॉसचा स्वभाव

इंजिनाची शक्ति गिअरबॉक्समधून ट्रान्सफर-केसमध्यें येते आणि तेथून शाफ्टच्या द्वारें हौसिंगमधील पिनियनला मिळते. पाट्यांवर हौसिंग सारखें खालींवर होत असल्यामुळें शाफ्टच्या दोन्ही टोंकांस वांकणारा सांधा लागतो. त्यासच आपले मिस्त्री क्रॉस म्हणतात. या सांध्याशीं इटलीचा कार्डानो व इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांचीं नांवें निगडित आहेत. पहिला सोळाव्या शतकांतला, दुसरा सतराव्या.

ट्रॅक्टरवाल्यांस या सांध्याचा एक गुण अनुभवानें ठाऊक आहे. तासाच्या शेवटीं वळण्यासाठीं रोटाव्हेटर फिरतां असतांनाच वर उचलला, तर त्याचा शाफ्ट खडखडूं लागतो व खालीं ठेवतांच शांत होतो. याचें कारण असें कीं, सांधा वांकलेला असतां एका बाजूनें एकसारखी गति दिली तरी दुसऱ्या बाजूस ती एकसारखी निघत नाहीं. प्रत्येक फेऱ्यांत ती दोनदां वाढते व दोनदां घटते. कोन तीन अंशांचा असेल तर हा चढउतार शेंकडा पावहिस्स्याच्या आसपास असतो. दहा अंशांस तो शेंकडा तीन आणि वीस अंशांस शेंकडा बारापर्यंत जातो. कोन दुप्पट झाला कीं दोष जवळ जवळ चौपट होतो, हें ध्यानांत ठेवावें.

मग मूळ गाडी कां थरथरत नाहीं? कारण शाफ्टच्या दोन टोंकांस दोन क्रॉस असतात, आणि दोहोंचे कोन सारखे असले तर पहिल्यानें केलेला चढउतार दुसरा फेडून टाकतो. त्यासाठीं दोन गोष्टी अवश्य आहेत. ट्रान्सफर-केसचा निघता दांडा व पिनियन हीं एकमेकांस समांतर असलीं पाहिजेत. आणि शाफ्टच्या दोन्ही टोंकांचे योक एकाच ओळींत असले पाहिजेत. एवढें असूनहि कोन फार मोठे असतील तर मधला शाफ्ट स्वतः हिसके खातच राहतो. म्हणून वेगानें धांवणाऱ्या गाडींत ते तीन-चार अंशांच्या आंत ठेवावे व परस्परांत एका अंशाहून अधिक फरक पडूं देऊं नये. कोन अगदीं शून्यहि नसावा. कारण मग क्रॉसच्या वाटींतील सुया फिरत नाहींत व एकाच जागीं खांचा पडतात.

उंची वाढल्यानें काय बिघडतें

गाडी उंच केली म्हणजे इंजिन व ट्रान्सफर-केस वर जातात. हौसिंग चाकांबरोबर खालींच राहतें. साहजिकच मधला शाफ्ट अधिक उतरता होतो. जीपचा मागचा शाफ्ट आंखूड असतो, म्हणून तिला हा बदल फार जाचतो. समजा, दोन्ही क्रॉसमधील आडवें अंतर ६० सेंटिमीटर व उंचीचा फरक ६ सेंटिमीटर आहे. तर शाफ्टचा उतार सुमारें पावणेसहा अंश होतो. गाडी ८ सेंटिमीटर उंच केल्यास तोच तेरा अंशांवर जातो. तीच उंची १२० सेंटिमीटर अंतराच्या लांब शाफ्टास दिली व त्याचा पूर्वींचा उतार तेवढाच असला, तर तो साडेनऊ अंशांवर थांबतो.

कड्या लांब केल्यानें आणखी एक दोष येतो. मागच्या पाट्याचें पुढचें टोंक जागेवर राहतें व कडीकडील मागचें टोंक खालीं जातें. त्यामुळें हौसिंग थोडें फिरून पिनियनचें तोंड वर होतें. म्हणजे कोन वाढतात इतकेंच नव्हे, तर समांतरपणाहि मोडतो. शिवाय शाफ्टमधील सरकता जोड अधिक बाहेर ओढला जाऊन त्याची आंतील पकड कमी होते.

परीक्षा

प्रथम गाडी धुवावी. आमच्या काळ्या मातीचा गोळा शाफ्टला किंवा चाकाच्या आंतल्या बाजूस वाळून बसला, तरी गाडी थरथरते. अशा वेळीं पाण्याची बादली हाच उपाय होय. त्यानंतर टायरांतील हवा, चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट, इंजिनाखालचीं रबरें, शाफ्टवरील पोंचे व शाफ्टला चिकटविलेलें तोलाचें वजन गळाल्याची खूण, हीं पाहावीं. क्रॉसच्या वाटीभोंवतीं तांबूस भुकटी दिसली, तर आंतील ग्रीस संपून सुया गंजल्या असें समजावें. गाडीखालीं जातांना चाकांस उटी लावावी, इंजिन बंद ठेवावें आणि नुसत्या जॅकच्या भरंवशावर कधींहि जाऊं नये.

दुसरी परीक्षा उभ्या गाडींत करावी. गिअर न टाकतां इंजिनाचा वेग वाढवावा. थरथर येथेंच आली तर दोष इंजिनाचा, क्लचचा किंवा रबरांचा. शाफ्ट त्या वेळीं फिरतच नसतो, तेव्हां त्यास हात लावण्याचें कारण नाहीं.

तिसरी परीक्षा सपाट, सरळ व मोकळ्या रस्त्यावर करावी. वेग हळूहळू वाढवून थरथर कोणत्या वेगास सुरू होते तें टिपून घ्यावें. मग तोच वेग ठेवून गिअर बदलावा. थरथर नाहींशी झाली तर ती इंजिनाच्या फेऱ्यांशीं बांधलेली आहे. कायम राहिली तर ती चाकांची किंवा शाफ्टची आहे. या दोहोंतील भेद कानानें व अंगानें कळतो. ताशीं ६० किलोमीटर वेगांत २.२ मीटर घेराचें चाक सेकंदास साडेसात फेरे करतें. पिनियनचें प्रमाण साडेचारास एक असेल तर शाफ्ट तेवढ्याच वेळांत ३४ फेरे करतो, आणि क्रॉसच्या कोनाचे हिसके फेऱ्यास दोन म्हणजे ६८ होतात. म्हणून सुकाणू हातांत जाड हलत असेल तर चाकांकडे पाहावें. बैठकीखालीं भुंग्यासारखी बारीक गुणगुण असेल तर शाफ्टकडे.

चौथी परीक्षा त्याच वेगांत पाय उचलून व गिअर काढून करावी. मात्र घाटांत किंवा उतारावर हें मुळींच करूं नये. थरथर जोर देतांनाच येत असेल व पाय उचलतांच जात असेल, तर संशय कोनांवर घ्यावा. कारण जोरांत पाटे पिळले जाऊन पिनियन आणखी वर उठतें. दोन्ही स्थितींत सारखीच राहत असेल, तर शाफ्टचा तोल, वांक किंवा चाकें यांवर घ्यावा.

चारहि चाकांस शक्ति देणाऱ्या ज्या जीपच्या पुढच्या चाकांस मोकळे करण्याचे हब नाहींत, तिचा पुढचा शाफ्ट नेहमींच फिरत असतो. तो खूण करून तात्पुरता काढावा व गाडी मागच्या चाकांवर चालवून पाहावी. थरथर गेली तर दोष पुढें आहे.

कोनांचें माप

येथपर्यंत संशय कोनांवर आला असेल तरच माप घ्यावें. त्यास मुलांच्या कंपासपेटींतील कोनमापक, दोरा व एक नट पुरेसा आहे. मोबाइलमधील पातळी दाखविणाऱ्या सोयीनेंहि काम होतें. गाडी सपाट जागीं, स्वतःच्या चाकांवर, नेहमींच्या भारासह उभी करावी. ट्रान्सफर-केसचा दांडा, शाफ्ट व पिनियन या तिहींचा उतार मोजून लिहून ठेवावा. शाफ्ट व दांडा यांतील फरक हा पुढच्या क्रॉसचा कोन. शाफ्ट व पिनियन यांतील फरक हा मागच्याचा.

आरंभीं सांगितलेल्या जीपचें माप असें आलें : दांडा मागें ३ अंश उतरता, शाफ्ट १२ अंश, पिनियन ७ अंश. म्हणजे पुढचा कोन ९, मागचा ५. अंतर ४ अंशांचें. या गाडीच्या टायरांचा तोल दोनदां करून झाला होता व क्रॉसहि दोनदां बदलले होते. माप मात्र एकदांहि कोणीं घेतलें नव्हतें. खोगीर टोंचतें म्हणून घोडा बदलण्यापैकींच हा प्रकार झाला.

उपाय

प्रथम शाफ्टचे योक ओळींत आहेत कीं नाहीं पाहावें. सरकता जोड उघडून एकादा दांता चुकवून बसविला गेला असल्यास तेवढें सुधारून काम भागतें. यासाठीं जोड उघडण्यापूर्वीं दोहोंवर खूण करण्याची संवय ठेवावी.

समांतरपणा मोडला असेल तर पाटा व हौसिंग यांमध्यें पोलादी पाचर घालून पिनियन जाग्यावर आणतात. पाचरीचें जाड तोंड कोणीकडे ठेवावें हें अंदाजानें न ठरवितां, बसविल्यावर पुनः माप घ्यावें. पाटे जोरांत पिळतात म्हणून उभ्या गाडींत पिनियन एक अंश खालीं राहिलेलें चालतें.

परंतु वरील जीपमध्यें ४ अंशांची पाचर घालून दोन्ही कोन ९ झाले असते. सारखे, पण मोठे. अशा वेळीं उंची कमी करणें हाच स्वस्त व खात्रीचा मार्ग होय. त्या गृहस्थांनीं लांब कड्या काढून मूळच्या बसविल्या व केवळ पाट्यांनीं जेवढी उंची मिळाली तेवढीवर समाधान मानलें. नवें माप दांडा ४, शाफ्ट ८, पिनियन ४ असें आलें. म्हणजे दोन्ही कोन ४ अंशांचे. थरथर गेली. ओढा अद्यापि ओलांडतां येतो. दोन इंच पाणी अधिक असेल तर ते थांबतात. ज्यांस अधिक उंची हवीच असेल त्यांनीं ट्रान्सफर-केसकडे दुहेरी क्रॉसचा शाफ्ट बसवावा; त्यास पिनियन समांतर नको, शाफ्टच्या रोखानें हवें. हा खर्च मोठा आहे आणि पाहणाऱ्या मिस्त्र्याशिवाय होणारा नाहीं.

गाडी उंच करण्यापूर्वीं कायदाहि पाहावा. सन १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नें कारखानदारानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत असे फेरबदल करण्यास मनाई केली आहे. अपघाताच्या प्रसंगीं विम्याच्या कामांत हा प्रश्न निघूं शकतो. ब्रेकच्या नळ्यांची लांबी पुरते कीं नाहीं हेंहि तपासावें. शाफ्ट तुटला तरी जमिनीस टेकूं नये म्हणून त्याच्या पुढच्या टोंकाखालीं लोखंडी पट्टीचा झेला अवश्य बांधावा.

शेतीच्या कामांत आपण पीक पिवळें पडलें म्हणून लगेच खताचें पोतें फोडीत नाहीं. आधीं मूळ उपटून पाहतों. गाडीच्या बाबतींतहि तीच रीत ठेवावी. थरथरीचा वेग टिपावा, परीक्षा क्रमानें कराव्या, कोन मोजून कागदावर लिहावे आणि मगच पाना हातांत घ्यावा. रात्रीं-अपरात्रीं गांवची नड भागविणारी गाडी ज्याच्या दारीं उभी आहे, त्यानें एवढी दक्षता बाळगणें हें गांवाचेंहि काम होय.