पैसे न मोडता सांगली

प्रश्न : सुट्टीत भाचरं येणार आहेत. फार खर्च न करता सांगलीत त्यांना काय दाखवू?

उत्तर : ताई, सकाळी गणपती मंदिर आणि १९२९चा आयर्विन पूल उरका. संध्याकाळी हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम. ‘शारदा’कार देवलांचं हे गाव. भडंग घरूनच न्या. पाणी चढलेलं असेल तर मात्र घाट उतरू नका.

पण खरी गंमत मिरजेच्या सतारमेकर गल्लीत. घ्यायचं काही नाही, विचारून दारात उभं राहायचं. वाळलेल्या भोपळ्याला दांडी जोडलेली असते, कारागीर खुंटी पिळतो, कान लावतो, पुन्हा पिळतो. मध्ये बोलू नका, फोटोही विचारूनच. तोटा एकच : पोरं नंतर भोपळ्याच्या भाजीला हात लावत नाहीत.