वाचकांचे प्रश्न : जमिनीची ऊब आणि न्हाणीघरातील पाणी

प्रश्न : सेवानिवृत्तीनंतर धाराशिव शहरात घर बांधीत आहे. अंगणात दोन खोल बोअर घेऊन त्यांत नळ्या सोडाव्यात, जमिनीची उष्णता हीट पंपाने ओढून २०० लिटरच्या टाकीतील पाणी तापवावे आणि ती टाकी जुन्या गिझरला जोडावी, असे कंत्राटदाराने सुचविले आहे. अंदाजपत्रक साडेचार लाखांचे असून निम्मी रक्कम इसार म्हणून मागितली आहे. ठेव मोडावी काय? बोअरला कायद्याची आडकाठी आहे काय?
— एक वाचक, धाराशिव

उत्तर : ठेव मोडू नये, हे प्रथमच सांगतो. हीट पंप उष्णता निर्माण करीत नाही, ती एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे नेतो. म्हणूनच एक युनिट विजेत तो साधारणतः तीन युनिटांइतकी उष्णता टाकीत पोचवितो. ज्या देशांत हिवाळ्यातील हवा गोठणबिंदूखाली उतरते, तेथे त्याने जमिनीचा आश्रय घेणे फायद्याचे ठरते, कारण पंधरा-वीस मीटर खाली तापमान बारमाही स्थिर, त्या गावच्या वार्षिक सरासरीच्या आसपास, राहते. परंतु बालाघाटाच्या पठारावर, जेथे ऐन पौषातही दुपारची हवा जमिनीइतकीच ऊबदार असते, तेथे त्याच उष्णतेसाठी काळा कातळ फोडण्यात काय हशील? वज्रेश्वरीसारखे उष्णोदकाचे झरे कोकणाच्या वाट्याला आले, आपल्या नव्हे.

आता हिशेब पाहावा. २०० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर नेण्यास ६,००० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ७ युनिटे लागतात. पंपाने तेच काम सव्वादोन-अडीच युनिटांत होते. वीज दहा रुपये युनिट धरली आणि वर्षभर रोज पाणी तापविले, तरी बचत सतरा हजारांच्या आसपासच राहते. उलट साडेचार लाखांवर शेकडा सात दराने व्याजच ३१,५०० रुपये येते. शिवाय वैशाखात गच्चीवरच्या टाकीतील पाण्यालाच विसण घालावे लागते! दुपारी चालणारा, हवेतून उष्णता घेणारा पंप किंवा सौर बंब आपणास पुरेसा आहे.

बोअरविषयी : महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा ६० मीटरहून खोल विहिरीस ‘खोल विहीर’ मानतो आणि बोअर पाडणाऱ्या यंत्राच्या मालकास नोंदणी सक्तीची करतो. पाणी उपसावयाचे नसले तरी छिद्र ते छिद्रच; म्हणून संबंधित अधिकाऱ्यांचा लेखी खुलासा हाती आल्याखेरीज यंत्र अंगणात येऊ देऊ नये.

कोणताही पंप घेतलात तरी जोडणीचा क्रम चुकू देऊ नका : थंड पाणी प्रथम पंपाच्या टाकीत तळाशी यावे, तापून वरच्या तोंडाने गिझरात जावे, आणि तेथे उणे पडेल तेवढीच भर विजेने घालावी. पंपाची नळी थेट गिझरात सोडल्यास गिझरच पाणी आधी तापवून ठेवतो आणि पंपास काम उरत नाही.

निम्मा इसार देऊ नये. करारनाम्यात टाकीची क्षमता, पाण्याचे अपेक्षित तापमान व हमीची मुदत नमूद करून घ्यावी, आणि शेवटचा मोठा हप्ता चाचणीनंतरच द्यावा. सेवेत कसूर झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यास शुल्क नाही. आणखी एक कलम अवश्य घालावे. घरात जुना तांब्याचा बंब असेल, तर त्याच्या तळाला हात लावून पाहा; बोअरच्या जड पाण्याचा जो पांढरा, खरखरीत थर बोटांना लागेल, तोच पंपाच्या नळ्यांवर बसणार आहे, आणि दरसाल तो कोणी व किती दराने काढावयाचा, हे आजच लिहून घ्यावे.